दुसऱ्या पाळीचा बाप

आमच्या घरात एक वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेन. रात्री अकराला पाळी सुटायची. उद्यमबागेतून आधी सायकल, पुढं जुनी स्कूटर हाकत साडेअकराला घरी पोचायचं, चपला पायरीवरच काढायच्या, कडीचा आवाज होणार नाही अशा बेतानं दार ढकलायचं, आणि आतून बायकोचा दबका आवाज यायचा, "आग्ले मलग्याळ." केव्हाच झोपली.

बायको धारवाडकडची. घरात माझ्याशी ती मराठीच बोलते, पण दमली, रागावली किंवा लाडात आली की कानडी. रात्री साडेअकराला माणूस दमलेलाच असतो, त्यामुळं हे वाक्य कायम कानडीतच आलं. मी हातपाय धुऊन मुलीच्या अंथरुणापाशी दोन मिनिटं उभा राहायचो, पांघरूण सारखं करायचो आणि जेवायला बसायचो. ताटाशेजारी एक छोटी वाटी असायची, वर झाकण. त्यात तिनं माझ्यासाठी राखून ठेवलेलं काहीतरी. कधी अर्धी चिक्की, कधी कुंद्याचा बोटभर तुकडा, एकदा तर नुसते चार फुटाणे. दिवसभरात घरी जे गोड आलं असेल त्यातला पप्पांचा वाटा.

माझी नोकरी फौंड्रीतली, तीन पाळ्यांची. पहिली पाळी बरी, दुपारी साडेतीनला घरी. रात्रपाळीत दिवसा झोप व्हायची, पण संध्याकाळ हाती लागायची. घात करायची ती दुसरी पाळी, तीन ते अकरा. मूल शाळेतून यायच्या आधी आपण घराबाहेर आणि परत येतो तेव्हा ते झोपेत. उरली सकाळ. तीही वेणी, डबा, दप्तर आणि "मोजा एकच सापडतोय" यात संपायची.

परवा सहज हिशेब केला. दर तीन आठवड्यांत एक आठवडा दुसरी पाळी. वर्षाचे सतरा आठवडे, दहा वर्षांचे साधारण एकशे सत्तर. म्हणजे मुलीच्या पहिल्या दहा वर्षांतल्या सव्वातीन वर्षांच्या संध्याकाळी माझ्या नव्हत्याच. ओव्हरटाइम वेगळा.

तुम्ही म्हणाल, पोटासाठी कोणाला हे चुकलंय? खरं आहे. तक्रार करायला मी हे लिहीत नाही. त्या पगारावरच घर उभं राहिलं. पण मुलं कशी भुर्रकन मोठी होतात असं आपण चारचौघांत म्हणतो ना, तेव्हा मला वाटतं, ती भुर्रकन होतात की आपणच त्यांना पुढं ढकलत असतो? पाळीचा दोष आहेच. पण ज्या वेळा माझ्या हातात होत्या, त्यांचं मी काय केलं?

मुलीचा जन्म २००२चा. तिच्या आधी घरात दोन्हीकडच्या रीती झाल्या. सासरच्यांनी हिरवी साडी आणून कुबस केलं, आमच्या आईनं डोहाळजेवण केलं. बारशाला पाळण्याची गाणी दोन भाषांत झाली आणि घुगऱ्या मात्र आमच्याच. मग सुरू झाली घाई. पालथी कधी पडणार? रांगते का? शेजारच्यांची दहाव्या महिन्यात उभी राहिली म्हणे. पांगुळगाडा आणला, तर डॉक्टर म्हणाले, कशाला घाई करता, चालेल की आपली आपण. मूल पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होतं, वर्षात तिप्पट, आणि दोन वर्षांचं झालं की त्याची उंची मोठेपणीच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी झालेली असते. निम्मी उंची दोन वर्षांत! उरलेली निम्मी वाढायला पुढं पंधरा-सोळा वर्षं लागतात. इतक्या वेगानं जे पळतंय त्याला आम्ही मागून आणखी ढकलत होतो. दूध सोड, बाटली सोड, कडेवरून उतर, अंगठा काढ, नीट बोल.

'नीट बोल' ही माझी घाई. तिच्याबद्दल सांगायलाच हवं.

चार वर्षांची असताना तिची भाषा म्हणजे खिचडी. आईकडून कानडी, माझ्याकडून आणि आजीकडून मराठी, गल्लीत दोन्ही. धारवाडच्या आजीला तिकडं सगळे 'आयी' म्हणतात, त्यामुळं "आयीचा फोन आलाय" म्हटलं की ही स्वयंपाकघराकडं बघायची. शेवटी वैतागून तिनं स्वतःच आईचं नाव 'मम्मी' करून टाकलं. दुधाला ती 'हाल' म्हणायची, कानडी हालुवरून. एकदा सकाळी माझ्या आईला म्हणाली, "आजी, मला हाल पाहिजे." आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, एवढ्या लवकर कशाला गं हाल? पुढं आहेतच की!" आम्ही सगळे हसलो. मग 'हाल पाहिजे', 'हाल बेड', 'हाल सांडलं' हे घरातलं नेहमीचंच झालं.

एका वाढदिवसाला पुण्याकडचे पाहुणे आले होते. त्यांतल्या एकांनी तिचं बोलणं ऐकून हसत विचारलं, "ही मराठी म्हणायची की कानडी?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं. सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न कुठं लागतो ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला : पप्पांशी बोलताना शुद्ध मराठी. कानडी शब्द आला की, "परत सांग." दूध म्हण. बोट म्हण. नको म्हण. मी काही रागावत नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. नुसतं परत सांगायला लावत होतो.

आधी तिची वाक्यं लहान झाली. मग ती मला थेट सांगायच्या ऐवजी आईकडून निरोप पाठवायला लागली. "मम्मी, पप्पांना सांग, वही संपली." पप्पा समोरच बसलेत. बायको एक-दोनदा काही बोलली नाही. मग एका रात्री ताट वाढताना म्हणाली, "री, अकि माताडोदु निल्लिसिद्र एन माडतीरि?" ती बोलायचंच थांबली तर काय करणार आहात? मी म्हटलं, असं कुठं होतंय? सवय लागेल.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. पहिली पाळी करून घरी आलो होतो. आतल्या खोलीच्या दारात तिचं बोट चेमटलं. किंचाळतच माझ्याकडं धावत आली. हात पुढं केला, तोंड उघडलं आणि थांबली. "माझं... माझं..." तिच्या तोंडात 'बेरळ' होतं आणि मला हवं होतं 'बोट'. ते तिला आठवेना. डोळ्यांतून पाणी वाहतंय, बोट लाल झालंय आणि चार वर्षांची पोर शब्द शोधत उभी. मग तशीच वळली आणि स्वयंपाकघरात पळाली. तिथं ती कानडीत मोकळी रडली.

मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होतो. त्या संध्याकाळी नियम संपला. तसं मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पुरुषमाणसाला कुठं ते जमतं! पण वाटी परत यायला पंधरा दिवस लागले. मधल्या काळात ती येत नव्हती हेही मला ती परत आली तेव्हाच जाणवलं.

पुढं मी या विषयावर वाचलं. झुल रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञानं १९१३ साली आपल्या मुलावर पुस्तक लिहिलं. बाप फ्रेंच बोलणारा, आई जर्मन, आणि दोघांनी आपापल्या भाषेतच मुलाशी बोलायचं ठरवलेलं. दोन भाषांनी पोर गोंधळत नाही हे त्यांनी घरीच पाहिलं. माझ्या नियमाला आधार मिळाला म्हणून मी आधी खूश झालो. मग लक्षात आलं, त्यांनी स्वतः एका भाषेत बोलायचा नियम स्वतःला लावला होता, मी तो पोरीला लावला! शिवाय आमच्या गल्लीत हे जमावं कसं? दूधवाला कानडी, भाजीवाली एका वाक्यात दोन्ही, स्कूटरचा मेकॅनिक उर्दू. आजचे अभ्यासक तर सरळ सांगतात, दोन भाषांत वाढणारं मूल शब्दांची सरमिसळ करतंच. तो गोंधळ नव्हे, हाताशी असलेल्या सगळ्या भांड्यांतून वाढून घेणं आहे. कुणाशी काय बोलायचं हे त्याला हळूहळू आपलं आपण कळतं.

तसंच झालं. सहाव्या वर्षाच्या आसपास ती धारवाडला गेली की स्वच्छ कानडी, माझ्याशी स्वच्छ मराठी. मराठी शाळेत गेली, निबंधात बक्षिसं घेतली. मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि कधीतरी लक्षात आलं, घरात 'हाल' कुणी म्हणतच नाही. केव्हा थांबलं? माहीत नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात थांबलं असेल. वाटीही तशीच. एका रात्री ताटाशेजारी नव्हती, मला वाटलं आज गोड काही आलं नसेल. मग ती नसण्याचीच सवय झाली.

बघा, बारसं, उष्टावण, जावळ, शाळेचा पहिला दिवस, या सगळ्यांची तारीख माझ्याकडं आहे, फोटो आहेत. मूल एका टप्प्यात शिरतं तेव्हा आपण गावजेवण घालतो. टप्प्यातून बाहेर पडतं तेव्हा घरात कुणाला पत्ता नसतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी मी तिला खांद्यावर घेऊन खडेबाजारात उभा राहायचो. 'कूसुमरी माड' म्हणून ती आधीच हात वर करायची. चित्ररथ पहाटेपर्यंत चालायचे आणि ती माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून झोपून जायची. एका वर्षी म्हणाली, "मी मैत्रिणींबरोबर उभी राहते." मी म्हटलं, बरं. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी मला हायसंच वाटलं होतं. मान दुखायची हो!

सुभाषितात म्हटलंय, मुलाचे पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं धाकात ठेवावं आणि सोळावं लागलं की मित्रासारखं वागावं. वाचायला छान आहे. सोळाव्या वर्षी मी मित्रासारखा वागायला तयार होतो; समोरच्या पार्टीचा काही विचार दिसेना. एसएसएलसी झाली, पीयूसी सुरू झाली, अभ्यासाची भाषा इंग्रजी झाली आणि मैत्रिणींशी बोलायची भाषा मोबाईलवरची झाली. मी काही विचारलं की उत्तर एका शब्दात. मराठीच, आणि अगदी शुद्ध.

माझ्या बाबांचा माग घरातच होता, वडगावात. आम्ही भावंडं त्या खटखटाटात झोपलो, त्यातच अभ्यास केला, शाळेतून आल्यावर कांड्या भरल्या. बाबा माझ्याशी फारसं बोलल्याचं आठवत नाही. बोलणार कसे, आवाजात ऐकूच येत नसे. पण ते होते. मान वर केली की दिसायचे. मी शिकलो, मागावर बसलो नाही, पगाराची नोकरी धरली, याचा त्यांना फार अभिमान. मला मात्र वाटतं, मुलांना दिसण्याच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा श्रीमंत होते. त्यांच्याकडं पैसे नव्हते हेही तितकंच खरं, नाहीतर असल्या आठवणींना उगाच सोन्याचा मुलामा चढतो. अडीच खोल्यांत आम्ही सातजण होतो आणि बाबांचा हात सणकन बसायचा.

२०१०मध्ये मुलगा झाला. या खेपेला मी शहाणा होतो. पांगुळगाडा नाही, 'नीट बोल' नाही. पण त्याच्या वाट्याला मोठ्या बहिणीची स्वच्छ भाषा आली, त्यामुळं तो पहिल्यापासून 'दूध'च म्हणाला. मी वाट बघत होतो, पण दुसऱ्या मुलाला पहिल्याचे टप्पे पुन्हा करायची हौस नसते. त्याचे वेगळेच. तो शब्दांची नव्हे, चवींची सरमिसळ करायचा. श्रीखंडात शेव घालून खायचा. पाळ्या मात्र चालूच होत्या, आणि रात्री दारात 'मलग्याळ'च्या जागी 'मलग्यान' आलं, एवढाच फरक.

मग मार्च २०२०. कारखाना बंद झाला आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला कुठलीच पाळी नव्हती. पगाराची काळजी होती, बाहेर आजाराची भीती होती. हे सगळं होतंच. पण संध्याकाळी सहा वाजता मी घरात होतो! रोज. मुलगा दहा वर्षांचा. त्या दिवसांत मला कळलं की तो जेवताना गुणगुणतो, पालीला घाबरतो आणि झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा तपासतो. दहा वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. आम्ही गच्चीवर पत्ते खेळलो, तो लबाडी करतो हेही कळलं.

मुलगी तेव्हा अठराची. बारावीचा तिचा इंग्रजीचा पेपर लांबणीवर पडला होता, तो शेवटी १८ जूनला झाला. ती दार लावून खोलीत. सगळ्या संध्याकाळी मला एकदम परत मिळाल्या, पण ज्या मुलीच्या त्या होत्या ती आता त्या वयाची राहिली नव्हती. एक-दोनदा मी चहा घेऊन दारापाशी गेलो. "ठेवा पप्पा, घेते." परत फिरलो. पेपरच्या आदल्या रात्री मात्र दार उघडून बाहेर आली, म्हणाली, "भीती वाटते." इतकंच. आम्ही पायरीवर बसलो. मी काही उपदेश केला नाही, कारण काय बोलावं ते मला सुचलं नाही. अर्ध्या तासानं उठून झोपायला गेली. पुढं तिनं आईला सांगितलं म्हणे, पप्पा बसले होते म्हणून बरं वाटलं. निरोप अजून आईमार्फतच! पण चालेल.

इंजिनिअरिंग तिनं गावातच केलं. विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ला बेळगावात आलं. माझ्या वयाच्या पोरांना ते उशिराच मिळालं, पण तिला मिळालं. त्यामुळं आणखी चार वर्षं ती घरी राहिली. २०२४च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूला नोकरी लागली. रात्रीच्या गाडीला आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. मुलानं सगळ्यात जड बॅग उचलली, मला हातच लावू दिला नाही. बायको डब्यांची यादी पुन्हा पुन्हा सांगत होती, चटणी कुठल्या पिशवीत, लाडू कुठल्या. मी पाण्याची बाटली घेऊन उभा.

आपल्या दोन्ही भाषांत एक शहाणपण आहे. निघताना 'जाते' म्हणायचं नाही. मराठीत 'येते', कानडीत 'होगि बर्तीनि', जाऊन येते. गाडी हलायच्या आधी तिनं आईला कानडीत सांगितलं, मला मराठीत सांगितलं. मी 'ये' म्हटलं.

आता मी सुपरवायझर आहे, पाळी जनरल, साडेपाचला सुटतो. सहाला घरी. मुलगा एसएसएलसीच्या वर्षात, ट्यूशनवरून साडेआठला येतो. म्हणजे आता मी वाट बघतो आणि तो उशिरा येतो. आल्यावर विचारलं, कसं झालं? तर "हं." जेवताना अजून गुणगुणतो, तेवढं ऐकायला मी त्याच्याबरोबरच ताट घेतो. बायको म्हणते, तुम्ही आधी जेवून घ्या, पित्त होईल. मी थांबतो. परवा त्यानं न विचारता स्वतःच्या ताटातली श्रीखंड-शेव माझ्यापुढं सरकवली. भयंकर लागतं. सगळं खाल्लं.

मुलीचा फोन रविवारी येतो. खोलीवर तिघी आहेत, एक मंगळूरची, एक नागपूरची. तिथली कानडी वेगळी, आमची ऐकून हसतात म्हणे. "कुठली गं तू, असं विचारतात." मी म्हटलं, मग तू काय सांगतेस? म्हणाली, "बेळगावची सांगते. पुढचं त्यांनी समजून घ्यायचं."

गेल्या रविवारी बोलता बोलता मध्येच घाईनं म्हणाली, "पप्पा, ठेवते हं, हाल संपलंय, दुकान बंद व्हायच्या आत आणते."

मी काही बोललो नाही. फोन ठेवला. बायकोनं आतून विचारलं, "काय म्हणते?"

म्हटलं, "काही नाही, दूध आणायला गेली."